गरजेपुरतं झाड

आमच्या ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी जवळ बसून, आवाज खाली आणून, "काय होतंय तुला?" असं विचारलं, तेव्हा मी दारातच उभी होते. विचारलं ते गांजाच्या झाडाला.

झाडाची खालची पानं पिवळी पडली होती. हे गुडघ्यावर बसून एकेक पान उलटंपालटं करून बघत होते, आणि तेही इतक्या हळुवार हातांनी की मला त्या झाडाचा चक्क हेवा वाटला. मला ताप आला की हे दारातूनच "गोळी घेतलीस का?" विचारून मोकळे होतात.

मिरजेच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तीन माणसं. मी त्रिशला, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. नवरा अभिनंदन मगदूम, ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. आणि सासूबाई पद्मावती, ज्यांना सगळी कॉलनी आक्का म्हणते. झाड आक्कांसाठी होतं. आक्कांना गेल्या वर्षी नागीण झाली. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. मणक्याजवळच्या नसांत दडून बसतो आणि म्हातारपणी वर येतो. आक्कांच्या डाव्या कुशीवर फोडांचा पट्टा उठला, पंधरवड्यात सुकलाही. पण नस बिघडली ती बिघडलीच. जखम नसताना ती मेंदूला ओरडून सांगत राहते, की इथे भाजतंय. साडीच्या निऱ्यांचा स्पर्शसुद्धा सहन होईना, म्हणून जन्मभर नऊवारी नेसलेली बाई गाऊनवर आली. विचारलं तर म्हणायच्या, "उकडतंय." ते जानेवारीत.

असल्या दुखण्यावर गांजातली द्रव्यं चालतात, हे डॉक्टरांना बरीच वर्षं माहीत होतं. अडचण अशी, की त्यात मुख्य द्रव्यं दोन. एक दुखणं दाबतं पण डोकं फिरवतं, दुसरं पहिल्याला आवर घालतं. प्रत्येक माणसाला दोन्हींचं वेगळं प्रमाण लागतं. मग झाडाची अशी एक जात तयार झाली, की दिव्याचा रंग आणि खताची मात्रा बदलली की तिच्या चिकात ही दोन्ही द्रव्यं हवी तशी कमीजास्त होतात. एकाच झाडातून पेशंटगणिक निराळं औषध. कायदा बदलला आणि पेशंटच्या घरी कपाटं आली.

कपाट म्हणजे फ्रीजएवढी पांढरी पेटी, पुढे काच, आत एक कुंडी. दिवे आणि खत कपाटाच्या ताब्यात. पाणी भरायचं, पानं पुसायची, कीड बघायची, हे घरच्यांचं काम. फुलं आली की ती सांगलीच्या सरकारी केंद्रात द्यायची, केंद्र त्यांचे थेंब काढून बाटलीत भरून देणार. तोवर पुरेल अशी एक बाटली हॉस्पिटलनं दिली होती. ती एका पिकापुरतीच, दुसऱ्या पिकाची वाट बघायची चैन नव्हती. पहिलं पीक बसलं तर आक्कांना औषध, नाहीतर नाही.

आणि सरकारनं एक नियम घातला होता, त्याचं नाव 'गरजेपुरतं'. पेशंटला लागेल त्याहून कडक माल घरात पिकता कामा नये, नाहीतर तो बाजारात जाईल. म्हणून कपाट रोज सकाळी पेशंटला विचारायचं. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी थांबायचं नाही, घरच्यांनी पढवू नये म्हणून. त्या उत्तरांवरून कपाट काय ठरवतं, दिवा किती, खत किती, ते घरच्यांना दिसायचं नाही. लोक दुखणं फुगवून सांगतील, ही सरकारला धास्ती. त्यासाठी आवाजातला कांगावा ओळखणारं यंत्रही आत बसवलं होतं. फार हुशार माणसांनी फार विचार करून केलेली वस्तू होती ती.

ह्यांनी तोवर कुंडीत कोथिंबीरसुद्धा लावलेली नव्हती. पण कपाट आलं आणि माणूस बदलला. कॉलेजातून आले की बूट काढायच्या आधी काचेपाशी. 'घरचं झाड' नावाचा एक ग्रुप होता, त्यात राज्यभरातले असेच नवशिके. पिवळ्या पानांचा फोटो ह्यांनी तिथे टाकला आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. पाणी जास्त होतंय. पाणी कमी पडतंय. मुळं कुजली. चुना घाला. चुना अजिबात घालू नका.

कुणीतरी विचारलं, पाणी कुठलं घालता? हे म्हणाले, प्युरिफायरचं. आता प्युरिफायरमधून दोन नळ्या निघतात. एकीतून प्यायचं पाणी, दुसरीतून उरलेलं खारट. ते दुसरं मी बादलीत धरते, फरशी पुसायला. हे महाशय ती बादली उचलून झाडाला घालत होते, चांगलं पाणी वाया कशाला म्हणून.

"तू बादली तिथं ठेवतीसच कशाला?" माझ्यावर ओरडले.

"फरशीसाठी ठेवते. फरशी अजून पिवळी पडलेली नाही."

दोन दिवस बोलले नाहीत. मग पाणी बदललं. झाडात फरक नाही. मग पानांच्या खालच्या बाजूला बारीक ठिपके दिसले, कोळी कीड. औषध मारायचं म्हणताच आक्का खुर्चीतून उठल्या. "माझ्यापायी जीव मारायचा न्हाई. आपल्या जैनांत चालत न्हाई ते." मग आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक भिंग आणि रंगाचा ब्रश घेऊन एकेक किडा वाटीत गोळा करायचे आणि खाली कंपाउंडच्या कडुनिंबावर सोडून यायचे. मला हसू येई, आणि खरं सांगते, बरंही वाटे. एवढी माया ह्या माणसात होती म्हणायची. फक्त आजवर तिला पत्ता सापडला नव्हता.

कीड गेली. झाड तरी खंगतच चाललं. शेंडे बारीक, कळ्या आल्या त्या तांदळाएवढ्या. ह्यांनी गुपचूप खत आणून पाण्यात मिसळलं, तर पानांची टोकं करपली.

इकडे हॉस्पिटलची बाटली संपत आली होती, आणि आक्कांचं जेवण कमी झालं होतं. बसताना त्या डावा हात अंगापासून लांब धरायच्या. मी रोज लोकांच्या हातात सुई घालते. "दुखतंय का?" म्हणून विचारते. मुठी आवळलेल्या, ओठ दाताखाली, आणि उत्तर काय, तर "नाही हो." आमच्या गावात त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. मी उत्तर ऐकत नाही, मूठ बघते.

"आक्कांचं दुखणं वाढलंय," मी ह्यांना सांगितलं. एकदा नाही, चारदा सांगितलं.

ह्यांनी मोबाइल पुढे धरला. कपाट दर रविवारी अहवाल पाठवायचं: 'रुग्णाच्या प्रकृतीत सुधारणा.' खाली घरच्या जबाबदार माणसानं 'सहमत' किंवा 'असहमत' दाबायचं. हे दर रविवारी चहा पिता पिता 'सहमत' दाबायचे.

"बघ. आईचं कमी होतंय. काळजी झाडाची आहे."

"तुम्ही आक्कांना विचारलंत का?"

"कपाट विचारतंय की रोज."

शेवटी सांगलीच्या केंद्रातून बागवान मॅडम आल्या. तरुण, गंभीर, वनस्पतिशास्त्र शिकलेल्या. ह्यांनी त्यांना पाणी, कीड, खत, सगळी कहाणी सांगितली. त्यांनी पान दिव्यासमोर धरलं, माती चाचपली.

"टोकं करपलीत ती तुमच्या खतानं, सर. पण पिवळेपणा त्याच्या आधीचा आहे. नत्र कमी पडलं की झाड खालच्या पानांतलं काढून वरच्या पानांना देतं, म्हणून खालची पानं पिवळी पडतात. पण कपाट असताना नत्र कमी पडेल कसं?" त्यांनी आपल्याकडच्या किल्लीनं कपाटातली दिव्या-खताची मांडणी उघडली. बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झाडाला रोग नाही. कपाटानंच त्याला उपाशी ठेवलंय. दिवा निम्म्यावर आणलाय, खत जवळजवळ बंद केलंय."

"का?" ह्यांचा आवाज चढला.

"औषध सौम्य करायला. पेशंट बरा होत आला, की असंच करतं ते." त्या आक्कांकडे वळल्या. "आज्जी, सकाळी कपाट विचारतं, तेव्हा तुम्ही काय सांगता?"

आक्का पलंगावर बसल्या होत्या, हात अंगापासून लांब. "काय सांगायचं? बरं हाय म्हणते."

"रोज?"

"त्ये इचारतंय की, 'नमस्कार, आज आपल्याला कसं वाटतंय?' रेडिओवरच्या बाईगत. मग मी म्हणते, बरं हाय बाई, तुझं कसं हाय."

बागवान मॅडमना हसावं की काय करावं कळेना. मलाही कळेना. आक्कांचं खोटं न बोलायचं व्रत आहे, मुनिमहाराजांपुढे घेतलेलं. मी तेच बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "खोटं कसलं? कुणी कसं काय इचारलं की बरं हाय म्हणायचं असतंय. सक्काळच्या पारी दारात आलेल्या माणसाला काय रडगाणं ऐकवायचं?"

दुखणं फुगवणाऱ्यांसाठी एवढी जाळी विणली होती. दुखणं गिळणारी बाई पुढे येऊन बसेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बागवान मॅडम जिना उतरल्या आणि हे फुटले. "आई, मी तिकडं एकेक किडा वेचतोय, आणि तू इकडं बरं हाय, बरं हाय! खरं सांगायला काय जात होतं तुझं?"

आक्का ऐकून घेत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पयल्यांदा सांगत हुते की. तुला सांगत हुते. तू काय म्हणायचास?"

 मला आठवत होतं. नागीण नवीन होती तेव्हा आक्का म्हणायच्या, "अभी, लई दुखतंय रे." आणि हे हातातलं वर्तमानपत्र आपटून म्हणायचे, "मग मी काय करू?" राग आईवर नसायचा, ते मलाही कळत होतं. इलाज सापडत नाही ह्याचा राग. पण ओरडणं यायचं ते तिच्याच अंगावर. दुखणाऱ्या बाईनं आणखी किती सोसायचं? ती बरं हाय म्हणायला शिकली, आणि घर शांत झालं.

झाड कळ्यांवर होतं. दिवा आणि खत लगेच वाढवलं, तर अजून पीक सावरेल, असं बागवान मॅडम जाताना सांगून गेल्या होत्या. उशीर झाला तर कळ्या सुकतील. पण किल्ली असून मांडणी बदलायचा अधिकार त्यांना नव्हता. कपाटाला पेशंटच्या तोंडूनच ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आक्का कपाटाला खरं सांगायला लागल्या. बाहेर मी कान देऊन उभी. अडखळत, लाजत, एखाद्या परक्या घरात पाणी मागावं तसं बोलायच्या. "दुखतंय... बरंच दुखतंय." कपाटानं ऐकलं, आवाजातला ताण मोजला, आणि वर कळवलं: 'अधिकाऱ्याच्या भेटीनंतर उत्तरांत अचानक बदल. अतिशयोक्तीची शक्यता.' दिवा निम्म्यावरच राहिला. आणि सुनावणीची नोटीस आली.

सुनावणी मोबाइलवर होती, दुपारची. पडद्यावर परवाना समितीचे अध्यक्ष, मऊ बोलणारे गृहस्थ. शेजारच्या चौकटीत बागवान मॅडम. आक्कांनी त्या दिवशी हट्टानं साडी नेसली. मोठ्या माणसांपुढे गाऊनवर बसायचं नाही म्हणाल्या. निऱ्या खोचताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनीच माझा हात दाबला.

"आज्जी, घाबरू नका," अध्यक्ष म्हणाले. "काय होतंय ते मोकळेपणानं सांगा."

आक्का बोलल्या. मी सून म्हणून आले तेव्हापासून त्यांना स्वतःबद्दल इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. "हितनं सुरू हुतंय, पाठीपतुर जातंय. पदरात निखारा बांधल्यागत. पंख्याचा वारा लागला तरी भाजतंय. देवळात जायचं सोडलं, गर्दीत कुणाचा धक्का लागंल म्हणून. ही पोरगी पाठीला हात लावू का इचारती, मी नको म्हणते, तिला वाईट वाटत असंल." मी मान खाली घातली. "निजते तवा उजव्याच कुशीवर निजते. ह्या कुशीनं मला ह्या जन्मात झोपायचं न्हाई असं दिसतंय. कधीकधी देवाला म्हणते, आता ने."

 अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून वाटलं, की त्यांना पटलंय. "मग आधी रोज बरं आहे असं का सांगत होता?"

आक्कांनी मुलाकडे पाहिलं. सांगण्यासारखं सगळं त्यांच्याकडे होतं. पण म्हणाल्या एवढंच, "सवय. माझंच चुकलं."

"ठीक आहे. मगदूम सर, आता तुमचं. दर आठवड्याच्या अहवालाला तुम्ही सहमती दिलीय. प्रकृतीत सुधारणा आहे असं तुम्हीच म्हणताय. आजींचं आजचं म्हणणं खरं धरायचं, तर तुमची सहमती खोटी ठरते. नियंत्रित औषधाच्या बाबतीत खोटं निवेदन हा गुन्हा आहे, तुम्ही अनुदानित कॉलेजात आहात, त्यामुळे तिकडेही कळवावं लागेल. मी घाबरवत नाही. विचार करून सांगा. आईंना इतका त्रास होताना तुम्ही पाहिलाय?"

साक्ष चालणार होती ती सहमती देणाऱ्याचीच, माझी नाही. ह्यांचा एक 'हो' पुरे होता. बागवान मॅडम पडद्यातून ह्यांच्याकडे बघत होत्या, मी बघत होते, आणि आक्का मात्र बघत नव्हत्या. त्यांनी पदर अंगापासून जरा सैल धरला होता.

हे घसा खाकरून म्हणाले, "तसा त्रास आहे साहेब. पण वय झालंय तिचं. आता एवढी माणसं विचारायला लागली म्हटल्यावर... थोडं वाढवून सांगते."

 आक्का मला म्हणाल्या, "त्रिशला, पाणी आण गं थोडं." मी उठले नाही. रागानं मला उठताच येईना. 

निकाल तिथेच झाला. गरज सिद्ध होत नाही, परवाना रद्द, कपाट आठवड्यात परत नेण्यात येईल. सहमतीबद्दल कारवाई नाही.

"केस झाली असती," नंतर हे स्वयंपाकघरात मला सांगत होते. "नोकरी गेली असती. मग तिला बघणार कोण? दवाखान्याचं काय? तू सांग, मी काय करू?"

"आता काही करू नका," मी म्हटलं. "करायचं ते तुम्ही केलंत. आक्कांनी तुम्हाला झाकलं, आणि तुम्ही त्यांना खोटं पाडलंत. त्यांचं व्रत मोडलं म्हणून मी बोलले होते ना, ते कुणी मोडलं ते आज कळलं."

ते काचेपाशी जाऊन उभे राहिले. रडत होते. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

बाटलीतले शेवटचे थेंब मी आक्कांच्या जिभेवर सोडले, आणि औषध संपलं. डॉक्टरांनी गुंगीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्या, की आक्का दिवसभर पेंगतात आणि पेंगतानाही हात लांब धरून असतात. हे रोज सकाळी त्यांच्या खोलीत डोकावतात, काही विचारायला तोंड उघडतात आणि मिटतात.

कपाट न्यायला दोन हमाल आले. दार अरुंद, बोळ त्याहून अरुंद. आक्का गोळीच्या गुंगीत उठून बाथरूमकडे निघाल्या होत्या, त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. काचेमागे झाड डुलत होतं. ह्यांचं सगळं लक्ष त्याच्यावर, पुढे-मागे होत होते. "सावकाश हो, सावकाश. आडवं करू नका. शेंडा लागेल."

बोळात कपाट वळलं आणि त्याचा कोपरा आक्कांच्या डाव्या कुशीला घासून गेला. त्यांचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. डोळे मात्र पांढरे झाले, आणि दोन्ही मुठी अशा वळल्या की नखं तळव्यात गेली असतील.

"अहो, लागलं ना!" मी किंचाळले.

हे धावत आले, वाकले आणि काचेला नाक लावून आत बघायला लागले. "कुठं? कुठल्या फांदीला?"

 उत्तर आक्कांनीच दिलं, भिंतीला टेकून, श्वास सापडला तसा.

"काय न्हाई झालं. न्या तुम्ही."